हलक्यात हलका रेडिओ

ट्रेकला एकच जागा उरली होती आणि जाणारे दोघं, मी आणि वृषाली. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून हवामानाच्या बातम्या ऐकायला रेडिओ हवा होता. आमच्या ट्रेकिंग क्लबचे सर्वेसर्वा खराडे सर म्हणाले, "ज्याचा रेडिओ हलका, तो येणार. बाकी मला काही सांगायचं नाही."

मी गुपचूप सेल काढून खिशात टाकले. वाण्याच्या काट्यावर माझा रेडिओ भरला नव्वद ग्रॅम, वृषालीचा दीडशे.

"चिन्या येणार," सर म्हणाले. "माझी पारख कधी चुकत नाही."

वृषालीने माझ्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं आणि सॅकमधली रिकामी साबणदाणी काट्यावर ठेवली. तीस ग्रॅम.

"सर, मग हीच न्या की."

"अगं, ही काय पाऊस सांगणार?"

"चिन्याचा रेडिओ सांगतो तेवढाच. लावून बघा."

सरांनी बटण फिरवलं. साधी खरखरसुद्धा आली नाही. मला कुठं बघावं तेच कळेना.

वृषालीने हात पुढे केला. "खिशातले सेल दे रे. आम्हाला जादाचे होतील."

मी खाली मान घालून दिले. वर ती थँक्यू म्हणाली, तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.