कापलेले लव्हाळे

रविवार, दुपारी साडेतीन. धामणे गावाखालचा व्हाळ, म्हणजे ओढा; त्यावरच्या छोट्या पुलाच्या, साकवाच्या, अलीकडचा कोंड. पाणी गुडघाभर, ऊन लख्ख.

"नेमकी कुठे बसली होती?" तेंडोलकर सरांनी विचारलं.

"सर, फोटोत सगळं दिसतंय. मोबाईलवर दाखवतो. तुमचे गुडघे दुखतात, उगाच खाली उतरू नका."

"गुडघे माझे आहेत. तू जागा दाखव."

निषाद मुंज पुढे झाला. सर दगडांवरून सावकाश उतरले. मागून मी, सरांचा जुना सोबती.

सरांनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावातल्या हौशी पोरांना कॅमेरा. निषाद त्यांतला सर्वांत हुशार. हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. जिल्ह्याच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत तो सलग दोन वर्षं पहिला आला होता. तिसऱ्यांदा आला, तर नियमाप्रमाणे परीक्षक मंडळावर जागा. फॉर्म संध्याकाळी सहापर्यंत पोचायला हवा होता.

फॉर्मवर एक वाक्य छापलेलं असतं. 'हे छायाचित्र नैसर्गिक अधिवासात, कोणताही हस्तक्षेप न करता टिपले आहे.' त्याखाली स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या ज्येष्ठ सदस्याची सही लागते. बहुतेक ठिकाणी ती चहाच्या टपरीवर, फोटो न बघताच होते. होताना मी पाहिली आहे.

तेंडोलकर सर आधी जागा बघतात. मग फोटो. मग सही.

"इथे," निषाद म्हणाला. "टाचण्यांची जोडी. नर मादीची मान धरून उभा, मादी काडीवर शेपूट वाकवून. मागे नुसतं हिरवं पाणी. सर, असा फोटो या जिल्ह्यात कुणाकडे नाही."

टाचणी म्हणजे चतुराच्या कुळातला बारीक, नाजूक कीटक. बसला की पंख पाठीवर मिटून घेतो आणि माणसाची चाहूल लागली की उडतो.

"काल जसा बसला होतास, तसा बस."

निषाद पाण्यात गुडघ्यांवर बसला. कॅमेरा समोर धरला. सरांनी त्याच्या खांद्यावरून वाकून पडद्यावर पाहिलं.

"आड काहीच येत नाही."

"फ्रेम साफ केली होती."

"कशाने?"

"कात्रीने. लव्हाळ्याच्या चार काड्या आड येत होत्या."

"चार?"

"...असतील दहा-बारा."

निषादच बोलत राहिला.

"पण मी तिला धक्का लावला नाही. तुम्हीच शिकवलंय. ती बसली होती त्या काडीला हात लावला नाही. ती उठून पुढच्या काडीवर गेली की मगच मागची कापायची. एकेक करून. तिला कळलंसुद्धा नाही."

हे त्याने अभिमानाने सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. एवढा संयम मी फार थोड्या फोटोग्राफरांत पाहिला आहे. बाकीचे फांदी तोडतात आणि पक्षी उडाला म्हणून पक्ष्याला शिव्या घालतात.

"किती वेळ चाललं हे?"

"पाऊण तास. अंडी घालत होती ना, म्हणून थांबली. एरवी टाचणी कुठली थांबते."

"अंडी कुठे घालत होती?"

"पाण्यात."

"पाहिलंस?"

"म्हणजे... शेपूट पाण्याजवळ होतं."

"पाण्यात की पाण्याजवळ?"

सर काठावर गेले. कापलेल्या काड्या तिथे टाकलेल्या होत्या. एका दिवसात पिवळ्या पडल्या होत्या. सरांनी एक उचलली, नखाने उभी चिरली.

"लेन्स काढ. उलटी धर. भिंग म्हणून."

निषादने लेन्स काढून उलटी धरली आणि काडीवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"काय दिसतं?"

"दाणे आहेत. लांबट... ओळीने."

"मोठा फोटोग्राफर तू. नाव माहीत असेल त्यांचं."

"सर, चतुरांच्या माद्या अंडी पाण्यात सोडतात. तुम्हीच दाखवलं होतं, शेपूट आपटून."

"त्या चतुरांच्या. ही टाचणी आहे. ही काडीला भोक पाडते, आत एकेक ठेवते, मग पुढच्या काडीवर जाते."

"म्हणजे ती जिथून उठली..."

सर खडकावर बसले आणि चष्मा पुसू लागले.

निषादने दुसरी काडी चिरली. तिसरी. चौथी चिरायला घेतली आणि थांबला. मग सगळ्या गोळा करून पाण्यात उतरला आणि एक काडी चिखलात खोचली. ती आडवी झाली आणि साकवाकडे वाहत निघाली. तो पाणी उडवत मागे धावला. पकडून आणली, दगडाखाली दाबली. कॅमेरा काठावर उघडाच पडला होता, लेन्सविना. एरवी तो त्याच्यावर शिंतोडासुद्धा पडू देत नाही.

"यातलं काही जगेल, सर?"

"दिवसभर उन्हात होत्या."

"तरी?"

"मला माहीत नाही."

साडेचार झाले. काठावरच्या काड्या संपल्या. दगडाखाली सात होत्या. बाकीच्या काल कापताच पाण्याबरोबर गेल्या असाव्यात. निषाद पँट पिळत सरांसमोर येऊन उभा राहिला. पाठपिशवीतून फॉर्म काढला. प्लास्टिकच्या पिशवीत होता, कोरडा.

"सही नाही करणार ना?"

"दे इकडे."

सरांनी फॉर्म मांडीवर ठेवला आणि वरपासून वाचला. या स्पर्धांचे परीक्षक शटर किती होतं ते विचारतात, कुठली लेन्स होती ते विचारतात. चौकट मोकळी कशी झाली, हे एकाही परीक्षकाने विचारलेलं मी इतक्या वर्षांत ऐकलं नाही. फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. रकाने आहेत ते स्थळ, दिनांक, वेळ, प्रजाती, आणि छायाचित्रातील एकूण जीव.

शेवटच्या रकान्यात निषादने सुवाच्य अक्षरात 'दोन' लिहिलं होतं.

सरांनी खिशातलं पेन काढलं. 'दोन'वर एक सरळ रेघ मारली. पेन आणि फॉर्म निषादच्या हातात दिला.

"हे दुरुस्त कर. लगेच सही करतो."

त्या रविवारचे सहा कधीच वाजून गेले. त्या गोष्टीला आता महिना झाला आणि तो रकाना अजून कोरा आहे.

त्या दिवशी निषाद रकान्यावर पेन टेकवून म्हणाला, "सर... किती लिहू?"

"मला काय विचारतोस? कात्री तुझ्या हातात होती."