नकाशात नसलेला कठडा

एका गावात एक भोळा रिक्षावाला होता. त्याचं नाव मुरारी. आई अंबूबाई जिवतीपुढे बोलली होती, "पोराला रोजगार लागू दे, श्रावणातल्या शुक्रवारी समोरच्या कलामावशींना सवाष्ण म्हणून जेवू घालीन. त्या जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही."

मुरारीला विजेवरची रिक्षा मिळाली. त्याच सुमारास गावातला रस्ता स्मार्ट झाला. कॅमेरे आले, आपोआप लागणारे दिवे आले, मधोमध कठडा आला. माणसांनी रस्ता ओलांडायची जागा तेवढी ठेवायची राहून गेली. अंबूबाईंच्या दारातून कलामावशींची तुळस दिसायची, पण मावशींना आणायचं तर पार नाक्यावरून वळून यावं लागे. मावशींचे गुडघे दुखरे.

पहिल्या शुक्रवारी मुरारी मावशींना घेऊन निघाला. नाक्यावर सिग्नल लाल. तो बिघडलेला होता. मुरारी दिवेलागणीपर्यंत थांबला. पुरण आंबलं, आई उपाशी.

"अरे वेड्या, रस्ता मोकळा दिसला की निघायचं!"

"बरं, आई."

दुसऱ्या शुक्रवारी मावशी दाराला कुलूप लावत होत्या. मुरारीने पाहिलं, रस्ता मोकळा. तो निघाला. रिक्षा रिकामीच घरी आली.

"अरे, रिक्षात माणूस बसल्याशिवाय हलायचं नाही!"

"बरं, आई."

तिसऱ्या शुक्रवारी मावशी कुलूप लावतायत तोवर एक पैलवान रिक्षात बसला. मुरारी हलला. पैलवान थेट पाटापुढे उभा.

"मुरारी, यांना मी हळदकुंकू कसं लावू रे?" आई रडकुंडीला आली. "आता श्रावणातला एकच शुक्रवार उरला. तू तुझं डोकं चालवूच नकोस. फोनमधला नकाशा सांगेल तसाच जा."

"बरं, आई."

शेवटच्या शुक्रवारी मुरारीने रिक्षा दारातून काढली. नकाशा म्हणाला, "सरळ जा."

मुरारी सरळ गेला. कठडा आडवा झाला. रिक्षा मावशींच्या तुळशीपाशी थांबली.

"मेल्या, एवढा मोठा कठडा दिसला नाही तुला?" मावशी ओरडल्या.

"दिसला ना. पण नकाशात नव्हता."

मावशींनी त्या भगदाडाकडे पाहिलं, पदर खोचला आणि चार पावलांत चालत अंबूबाईंच्या पाटावर येऊन बसल्या. मुरारी रिक्षा घेऊन मागोमाग आला. ओटी भरली, मावशी जेवल्या, मग अंबूबाईंनी पहिला घास घेतला. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्या वेळात स्मार्ट रस्त्याचे साहेब धावत आले. त्यांनी कठडा पुन्हा उभा करवला, वर नवा रंगही दिला.

आत अंबूबाई हात धूत म्हणाल्या, "मुरारी, मावशींना रिक्षातून सोडून ये हो. आलास त्याच वाटेनं जा."

"बरं, आई. मावशी, घट्ट धरा."

त्यानंतर तिथे कठडा कुणी बसवला नाही. पांढरे पट्टे मारले. अंबूबाईंना जशी वाट मिळाली, तशी ज्यांचं कुणी पलीकडे आहे त्या सगळ्यांना मिळो.