येमाजीची घोंगडी

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते शिंदोणीच्या वेशीच्या दगडांनाच ठाऊक, आणि दगड काही बोलत नाहीत. म्हणून जसं कानावर आलं तसं सांगायचं.

शिंदोणी ओढ्याकाठचं गाव. ओढ्याला शिंदीची दाट बनं, त्यावरून हे नाव. गावाला एकच वेस, आणि वेशीवर येमाजी वेसकर. खांद्यावर काळी घोंगडी, हातात घुंगरांची काठी. आल्यागेल्यावर नजर ठेवायची, पाटलाचे निरोप पोचवायचे आणि सांजेला घरोघरची भाकरी मागून आणायची, हे त्याचं वतन. वेशीत शिरणारा सरदार की चोर, हे येमाजी नुसत्या चालीवरून ओळखायचा. त्याचा अंदाज कधी चुकला नाही, असं म्हणतात. निदान येमाजी तरी तसं म्हणायचा.

गावात कुणी गुन्हा केला की त्याची धिंड निघे. तोंडाला काजळ, गळ्यात फाटक्या वहाणांची माळ, आणि गाढवावर उलट्या तोंडानं बसवून वेशीबाहेर. गाढवाची दोरी येमाजीच्या हातात असे.

त्या दिवसांत याकोब मास्तर नावाचे ख्रिस्ती प्रचारक गावोगाव पायी फिरत. वेशीतल्या ओट्यावर टेकत आणि मसीहाची कथा सांगत. आंधळ्याला डोळे दिले, वादळ गप्प केलं, हे येमाजीला पटलं. राजा म्हटला की एवढं यायलाच हवं. मग एके दिवशी मास्तरांनी सांगितलं, की हा राजा नगरीत गाढवावर बसून आला आणि लोकांनी वाटेवर अंगावरची वस्त्रं अंथरली. येमाजी इतका हसला की त्याला ठसका लागला.

"मास्तर, राजा हत्तीवरून येतो. लई गरीब असला तर घोड्यावरून. गाढवावरून धिंड निघती."

"त्यानं काही केलं नव्हतं, येमाजी."

"काही केल्याबिगर कुणी गाढवावर बसत न्हाई. उभा जन्म येस राखली म्या. असला राजा म्या तरी वळखायचो न्हाई."

मास्तर पाणी मागून प्यायले आणि पुढच्या गावाला गेले. येमाजीच्या मनातून मात्र ते गाढव जाईना. कुसळासारखं रुतून बसलं.

होळीनंतर पाटलाची सून अडली. घरच्यांनी आधी अंगारेधुपारे केले. पोटातलं मूल हलेनासं झालं, तेव्हा कुठे येमाजीला सुईणीकडे पिटाळलं. सुईण म्हणजे गावकुसाबाहेरची सोनकाई. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली, येमाजीच्या पोरांचीही. ती धावत आली. सून वाचली, पण मूल मेलेलंच आलं. एवढं दुःख घरात मावेना, मग ते कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. सोनकाईनं करणी केली असं ठरलं, आणि सकाळी तिची धिंड निघाली.

येमाजीला खरं ठाऊक होतं. निरोप त्यानंच नेला होता, उशीर कुणी केला ते त्याला कुणी सांगायला नको. पण पाटलाविरुद्ध बोललं की वतन जाणार, आणि वतन गेलं की भाकरी जाणार. त्यानं तोंड मिटलं, दोरी धरली आणि चालू लागला.

वेशीत आल्यावर त्यानं एकदा मागं पाहिलं. सोनकाईची वाकलेली पाठ तेवढी दिसली. आपल्या पोरांना पहिल्यांदा हातात घेणारी बाई ही. काही न करता माणूस गाढवावर बसतं, हे त्याला तेव्हा कळलं. मनातल्या मनात तो म्हणाला, देवा, त्या दिवशी तुझी दोरी माझ्या हातात असती, तर तुलाही मी असाच बाहेर नेला असता.

त्यानं घोंगडी काढली आणि गाढवापुढं अंथरली. सोनकाईला हात देऊन उतरवलं, तिच्या गळ्यातली माळ काढली, तिला पुढं तोंड करून बसवलं. काठी धिंडीमागून आलेल्या पाटलाच्या पायाशी ठेवली.

"पाटील, हिनं काय केलं न्हाई. निरोप उशिरा गेला. म्या नेला, मला ठावं हाय. वतन तुमचं तुम्ही घ्या."

पाटलानं गाढव बाहेर हाकायला सांगितलं. गड्यांनी ढकललं, मारलं, पण गाढवानं घोंगडीवर रोवलेले पाय हलले नाहीत. मग ते आपण होऊन वळलं आणि गावात चालू लागलं. तेव्हा ओढ्याकाठच्या साऱ्या शिंदी त्या वाटेकडे लवल्या, असं म्हणतात. वारा होता का, ते कुणी सांगत नाही. गाढव पाटलाच्या दारात थांबलं. आतून ओली बाळंतीण भिंतीला धरत बाहेर आली आणि तिनं पदरानं सोनकाईच्या तोंडाचं काजळ पुसलं. पाटील खाली मान घालून उभा राहिला.

येमाजीचं वतन मात्र गेलंच. शिंदीच्या केरसुण्या बांधून त्यानं पोट भरलं. मास्तर परत आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "राजा ओळखलास?"

"वळखला," येमाजी म्हणाला. "पर निरोप उशिरा पोचला."

पुढं ओढ्यातच त्यानं बाप्तिस्मा घेतला.

शिंदोणीत त्यानंतर धिंड निघाली नाही. मसीहा गाढवावरून नगरीत आला त्या दिवसाच्या आठवणीत, झावळ्यांच्या रविवारी, अजूनही वेशीत काळी घोंगडी अंथरतात, आणि ती पाटलाच्या घरून येते. वर्षभरात जन्मलेली मुलं, मग ती कुठल्या का आळीची असेनात, एकेक करून गाढवावर पुढं तोंड करून बसवतात. दोरी धरणारा वेशीत थांबतो आणि मोठ्यानं म्हणतो, "ह्यानं काय केलं न्हाई." मग गाव वाट देतं.