पाहुण्यांचं दार

शिक्षणाधिकारी साहेब यायचे असले, की त्या शाळेत मुलींच्या संडासाचं कुलूप निघायचं. एरवी किल्ली हेडमास्तरांच्या खिशात.

परवा साहेब तिसरीच्या वर्गात खुर्चीवर रेलले. "पोरांना कविता करायला शिकवता म्हणे! ऐकू द्या."

शेलारबाईंनी तनुजाला उभं केलं.

"आमच्या शाळेत एक दार,
पाहुणे आले की उघडणार.
तहान लागली तरी मी
घोटभर पाणी नाही पिणार."

साहेब कडाडले, "ही कविता नाही बाई, तक्रार आहे! फुलं-पाखरं शिकवा."

"तक्रारी मी दरवर्षी पाठवल्या, साहेब. एकही कुणी वाचली नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर कविता शिकवली. ही तुम्ही शेवटपर्यंत ऐकलीत."

साहेब उठले. गाडी गेली आणि हेडमास्तरांनी पुन्हा कुलूप ठोकलं. तनुजाची पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच होती.