वाडीतल्या घरांना उंबरा का नाही

सांभाळून या, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. इथं ठेच लागायला काही नाहीच. चिंचओहोळच्या या ख्रिस्तवाडीत एकोणीस घरं आहेत आणि एकाही घराला उंबरा नाही. अंगणातली जमीन सरळ घरात जाते. पावसाळ्यात पाणीही सरळ घरात येतं, मागोमाग विंचू येतो. लग्न होऊन आलेली प्रत्येक सून एकदा तरी विचारतेच, की सगळा माळ दगडाचा, मग एक उंबरा बसवायला तुम्हाला काय धाड भरलीय? तिला जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो. खरंखोटं मला विचारू नका. मी आजोबांकडून ऐकलं, आजोबांनी त्यांच्या चुलत्याकडून.

मोठ्या दुष्काळानंतरची गोष्ट म्हणे. बारा कुटुंबं या माळावर पालं टाकून राहिली होती. नवा धर्म घेतला होता आणि जुन्या गावात जागा उरली नव्हती. त्यांच्यात जखऱ्या नावाचा गवंडी होता, बाप्तिस्म्याआधीचं नाव किसन. हात सोन्याचा, पण डोकं ओळंब्यासारखं सरळ. सांगितल्या रेषेबाहेर तसूभर जायचं नाही. वाडीतलं पहिलं पक्कं घर त्यानं स्वतःचं बांधलं आणि त्याला काळ्या दगडाचा हातभर उंच उंबरा घडवला. साप येऊ नये, पाणी येऊ नये, हे तर झालंच. पण जन्मभर दुसऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहिलेल्या माणसाला आपलाही उंबरा असावा असं वाटलं, तर त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

नव्या घरात शिरण्याच्या प्रार्थनेआधीच्या रविवारी पाळकांनी उपदेश केला, की प्रभू दाराशी येऊन दार ठोकतो आणि जो उघडील त्याच्या घरी जेवायला बसतो. जखऱ्यानं ते भिंतीचं माप घ्यावं तसं घेतलं. बायकोला म्हणाला, "मार्था, आत गेलो की दार लावून बसायचं. पहिली थाप ज्याची, त्याला पहिलं ताट. तवर कुणी घास तोंडात घालायचा न्हाई."

तसंच झालं. प्रार्थना झाली, सगळी वाडी आत बसली, दार लागलं. समोर पाट मांडला. बाजरीच्या भाकरी आणि शेळीच्या मटणाचं कोरड्यास निवत चाललं. ऊन डोक्यावर येऊन कललं तरी थाप पडेना. पडणार कशी? थाप मारायला बाहेर कुणी उरलंच नव्हतं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही असं सांगतात. मला वाटतं आलं असेल, पण जखऱ्यापुढं बोलणार कोण?

तेवढ्यात दाराच्या अगदी खालच्या अंगाला खरवडल्याचा आवाज झाला. थांबून पुन्हा झाला. वासानं कुत्रं आलं असणार, असं सगळ्यांनाच वाटलं. जखऱ्या आतूनच ओरडला, "हाड!" आवाज बंद झाला.

बऱ्याच वेळानं पाळकांनीच उठून दार उघडलं. त्यांना भूक आवरेना, असं वाडीत म्हणतात. पाळकांच्या वंशातले लोक हे मान्य करत नाहीत. बाहेर कुणी नव्हतं. धुळीत कुत्र्याची पावलं नव्हती. कुणीतरी बसल्या बसल्या अंग ओढत आल्याची आणि तसंच माघारी गेल्याची रेघ होती, आणि उंबऱ्याच्या कडेला रक्तपितीची माणसं हाताला गुंडाळतात तसली एक चिंधी अडकली होती.

चिंधी पाहून जखऱ्याचं तोंड उतरलं. त्याला एक थोरली बहीण होती, ठकूबाई. आईमागं तिनंच त्याला वाढवलं. मग तिला रक्तपिती झाली, बोटं झडली, आणि गावानं सांगितलं म्हणून दुष्काळाच्या आधी यानंच तिला ओढ्यापलीकडे नेऊन सोडलं होतं. ती जगली की मेली, त्यानं कधी विचारलं नव्हतं. मार्थालासुद्धा तिचं नाव ठाऊक नव्हतं.

तो रेघेच्या मागं धावत सुटला. ओढ्याकाठच्या करंजाखाली ती सापडली.

"आक्का, हाक का न्हाई मारलीस?"

"मारणार व्हते, किसन्या," ती म्हणाली. "तवर तुझं हाड ऐकलं. म्हटलं, बरं झालं, कुत्रं समजला. वळखून हाड म्हणला असता, तर माघारी फिरायचं बळ बी उरलं नसतं."

 

ती शिवू नको, शिवू नको म्हणत असताना त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि घरापर्यंत आणलं. दारात ती म्हणाली, "इथं उतरव. पाठीवरनं आत नेतात ते वझं. माझ्या भावाचं घर हाय, माझी मी यीन." तिनं उंबऱ्यावर कोपर टेकून दोनदा अंग उचललं आणि दोनदा खाली आली. सगळी वाडी बघत होती. तिसऱ्यांदा ती काही उठली नाही. तोंड फिरवून ओढ्याकडे बघू लागली.

जखऱ्या आत गेला आणि घण घेऊन आला. स्वतः घडवलेला दगड त्यानं स्वतः फोडायला घेतला. चांगला दगड फुटायलाही वेळ लागतो. तोवर कुणी जेवलं नाही. ठकूबाई एकदाच म्हणाली, "लई झ्याक दगड व्हता रे." मग कपच्या झाडून काढल्या, आणि ती आपली आपण आत गेली. पहिलं ताट तिनं खाल्लं. पाळकांनी मोठी प्रार्थना तयार ठेवली होती म्हणे, पण ते नुसतं आमेन म्हणाले.

त्या घरात ती अकरा वर्षं राहिली. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी विचारलं, स्वर्गातल्या बापाचं घर कसं असेल? ती म्हणाली, "उंबरा नसंल."

जखऱ्याचं घर पुढं पडलं, जागाही नेमकी सांगता येत नाही. पण आजही या वाडीत कुणी गवंडी उंबरा बसवत नाही आणि दिवसाउजेडी कुणी दार लावत नाही. लागलंच आणि कुणाला ते वाजवावं लागलं, तर आतलं माणूस उठता उठता आधी म्हणतं, "चुकलं!" आणि मग विचारतं, "कोण हाय?"