हेदरचा उतार आणि बुचाचं रोप

फार पूर्वी, समुद्रापलीकडच्या एका देशात एक डोंगर होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोन निराळ्या हवा होत्या. एका बाजूला सदा गार वारा, धुकं आणि भुरभूर पाऊस. दुसऱ्या बाजूला नुसतं ऊन. मध्ये खिंड होती. धुक्याकडून जाणारा माणूस खिंडीत पोचला की घोंगडी काढून खांद्यावर टाकायचा आणि परतताना त्याच जागी पुन्हा पांघरायचा.

धुक्याच्या गावात हेदर उगवायचं. हे गुडघ्याएवढं झुडूप आपल्याकडे नसतं. त्याला गार ओलावा लागतो, उघडा वारा लागतो आणि माती अगदी निकस चालते. उन्हाळा सरताना डोंगराची ती सगळी बाजू जांभळी व्हायची. हेदरच्या काड्यांचे झाडू बांधायचे, त्यानंच घरं शाकारायची, गुरांखाली तेच पसरायचं आणि फुलांवर मधमाश्या मध गोळा करायच्या.

उन्हाच्या गावात बुचाचे वृक्ष होते. बाटलीचं बूच ज्याच्या सालीचं करतात, तो हा वृक्ष. त्याला ऊन हवं, कोरडी रेताड माती हवी आणि वेळ हवा. पंचवीस वर्षांचा झाला की पहिली साल निघते, तीही खडबडीत. पुढची साल नऊ वर्षांनी. साल काढली की खोडावर त्या वर्षाचा आकडा रंगवायचा आणि पुढची नऊ वर्षं तिथं चाकू न्यायचा नाही, असा त्या गावाचा नेम होता.

उन्हाच्या गावातल्या एका साल काढणाऱ्याची मुलगी धुक्याच्या गावात सून म्हणून आली. बापानं तिला बुचाच्या सालीची नऊ नळकांडी दिली, मधमाश्यांना राहायला. थंडीत ती आतून उबदार राहतात. शिवाय एक वीतभर रोप दिलं आणि सांगितलं, "पोरी, याला पाणी घालत बसू नकोस. तहान लागली की मुळं खाली जातात."

सुनेनं ते रोप दाराशी लावलं आणि बापाचं ऐकून त्याला पाण्याचा थेंब घातला नाही.

त्याच वर्षी सासूबाईंचा गुडघा धरला. त्यांच्या घरचा हेदरचा उतार दहा पट्ट्यांत विभागलेला होता. दर वर्षी थंडी संपताना एक पट्टा मुळाशी कापायचा, म्हणजे दहा वर्षांत सगळा उतार नवा व्हायचा. सासूबाईंनी कोयता सुनेच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "यंदापासून उतार तुझा."

सून कोयता घेऊन गेली. समोर गुडघ्यापर्यंत दाटलेलं हेदर वाऱ्यानं डोलत होतं. नऊ वर्षं वाट बघणाऱ्यांच्या घरात वाढलेली ती पोर. हिरव्यागार जित्या झुडपाला मुळाशी कापायचं, हे तिला कसायाचं काम वाटलं. तिनं मनाशी ठरवलं, आपल्या हातून या उताराला जखम होणार नाही. घरी येऊन तिनं कोयता छपरात खोचला, काहीच सांगितलं नाही आणि सासूबाईंनी काही विचारलं नाही.

पहिली दोन वर्षं बरी गेली. उतार भरगच्च दिसला आणि सून मनातून सुखावली. तिसऱ्या वर्षी काड्या जाड आणि कडक झाल्या. झाडू बांधायला घेतले की कटकन मोडायच्या. चौथ्या वर्षी झुडपं मधून फाकली आणि आत टक्कल पडलं. पाचव्या वर्षी फुलं फक्त शेंड्यांना आली, तीही विरळ. मधमाश्या भणभणत फिरल्या आणि एके दुपारी दोन नळकांड्यांमधल्या माश्या उठून निघून गेल्या. उरलेली सातही जातील, हे सुनेला स्पष्ट दिसलं. माश्या गेल्या की घराचा मध गेला आणि मधावाचून त्या घराला नाव राहणार नव्हतं.

दाराशी बापाचं रोपही पिवळं पडलं होतं. पाच वर्षांत ते जेमतेम दोन वीत झालं होतं. आपल्या हाताला यशच नाही, असं वाटून सून घोंगडी घेऊन खिंड ओलांडून माहेरी गेली.

बापानं सगळं ऐकलं. मग तो तिला रानात एका वठलेल्या बुंध्यापाशी घेऊन गेला. त्यानं सांगितलं, तो तरुण असताना धुक्याच्या गावचा एक गडी त्याच्याकडे कामाला आला होता. गडी कष्टाळू, पण कापलं की फुटतं एवढंच त्याला ठाऊक. साल काढल्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यानं याच झाडाची साल पुन्हा काढली, तीही आतल्या जित्या पापुद्र्यासकट. झाड वाळून गेलं.

"तो गडीही मायेनंच राबत होता," बाप म्हणाला. "मी तुला नऊ वर्षं मोजायला शिकवलं, झाडाकडे बघायला शिकवायचं राहिलं. बुचाचा चाकू सालीपुरता, हेदरचा कोयता मुळापर्यंत. जा, सासूबाईंना खरं सांग."

सून परत आली. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. सुनेनं छपरातला कोयता काढून त्यांच्यासमोर ठेवला. पातं गंजून लाल झालं होतं.

"सासूबाई, पाच वर्षांत मी एकही पट्टा कापला नाही."

"ठाऊक आहे. गुडघा गेलाय, डोळे नाही गेले."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी चुलीत उगाच एक काटकी सारली. "उतार तुझा म्हटलं होतं ना. शब्द दिल्यावर मध्ये बोलायचं कसं? आणि माझं तोंड कुठं मोकळं होतं?"

मग त्या हळूच म्हणाल्या, "ते तुझं रोप. तू कधी पाणी घालताना दिसली नाहीस. म्हटलं, पोरीला माहेराचा विसर पडला. तेव्हापासून रोज सकाळी तू झऱ्यावर गेलीस की मी लंगडत जाऊन एक तांब्या घालते."

"रोज?"

"रोज. आणि चुलीतली राखही. चांगली चाळून."

सून डोक्याला हात लावून खाली बसली. त्या रोपाला पाणी जेवढं नको, तेवढीच राख नको. मग सासूबाईंनाच हसू फुटलं. "तू माझा उतार वाचवत होतीस आणि मी तुझं रोप. दोघी मिळून घराचं रान करायला निघालो होतो."

दुसऱ्या दिवशी सासूबाई दगडावर बसून सांगत गेल्या आणि सुनेनं सर्वांत जुना पट्टा कापला. पहिल्या घावाला तिनं डोळे मिटले, दुसऱ्याला उघडे ठेवले. पाऊस पडला आणि बुंध्यांशी मोहरीएवढे कोंब दिसले. पुढच्या थंडीत दुसरा पट्टा, मग तिसरा. कापलेल्या पट्ट्यांवर लवकरच कोवळं हेदर जांभळं झालं. सात नळकांड्यांमधल्या माश्या टिकल्या आणि आठव्यात एक नवा थवा आपणहून येऊन राहिला. नववं अजून रिकामं आहे. असू दे.

बुचाचं रोप दोघींनी मिळून उपटलं. रोजच्या पाण्यानं मुळं वरच राहिली होती, म्हणून ते सहज निघालं. खिंडीच्या उन्हाकडच्या अंगाला, खडकाळ जागी त्यांनी ते लावलं. पहिली साल निघेल तेव्हा आपण काही नसणार, असं सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनीच माती दाबली.

आता गुडघा बरा असला की सासूबाई सकाळी खिंडीपर्यंत जातात. इतक्या वर्षांची सवय, हातात भरलेला तांब्या असतोच. रोपाजवळ बसतात, त्याची पानं निरखतात आणि तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन परत येतात.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: माया आपली असली, तरी तिचं माप ज्याच्या त्याच्या गरजेनं ठरतं. म्हणून द्यायच्या आधी बघावं आणि बघून कळलं नाही, तर विचारावं.