वकिलातीची कपाटं

नाना पाटणकर वकिलांच्या जिभेला कराडच्या कोर्टात न्यायाधीशही बिचकून असत. त्यांची लेक शुभदा मात्र दिल्लीत सरकारची वकील झाली. परदेशांशी होणारे तंत्रज्ञानाचे करार, देशाची सुरक्षा, सगळं बंद दाराआड. घरीसुद्धा अवाक्षर काढायची सोय नाही.

अशाच एका बैठकीत एका बड्या देशाचे साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "तुमच्या लोकांची माहिती आमच्या देशातल्या कॉम्प्युटरवर साठवलेली आहे. माल ज्याच्या जमिनीवर, त्याचाच कायदा. यात वाद कसला?"

शुभदा शांतपणे म्हणाली, "मान्य. तुमच्या वकिलातीची कपाटं आमच्या दिल्लीत, आमच्या जमिनीवर आहेत. उद्या सकाळी आमचे पोलीस ती उघडायला येतील. किल्ल्या तयार ठेवा."

"ती आमची कपाटं आहेत!" साहेब ताडकन उठले.

"म्हणजे जमीन कुणाची यापेक्षा माल कुणाचा, हे महत्त्वाचं. एवढंच लिहून द्या."

करारातलं ते कलम त्याच दुपारी बदललं.

दिवाळीला ती घरी आली, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या नानांनी विचारलं, "इतकी वर्षं वकिली केलीस. समोरच्याला कधी गप्प केलंस का गं? सांग की."

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. "मी नुसते कागद तपासते, नाना," ती म्हणाली.

संध्याकाळी भेटायला आलेल्या जुन्या अशिलाला नाना हळूच म्हणाले, "पोर हुशार आहे हो. फक्त माझ्यासारखं बोलणं तिला जमलं नाही."

दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन शुभदा उभी होती.

होळीआधीच नाना गेले, ते हाच समज घेऊन.